संस्था-सल्लागाराची सेवा : बेळगाव सीमाभागात पैसे कशाचे मोजावेत

संस्थेची नुसती नोंदणी करून देणारा सल्लागार बेळगावात सहज मिळतो. नोंदणीनंतरची दोन-तीन वर्षं संस्थेला धरून राहणारा मात्र शोधावा लागतो, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे बचत गट, शेतकरी कंपन्या (शेतकरीच सभासद आणि मालक असलेल्या), छोट्या सामाजिक संस्था नेमक्या त्याच काळात बंद पडतात. त्यामुळे फी ठरवताना कागदांना कमी आणि पुढच्या सोबतीला जास्त किंमत द्यावी, हे आमचं स्पष्ट मत.

नोंदणीतली नेहमीची चूक आधी सांगतो. कोल्हापूरकडच्या एखाद्या संस्थेची नियमावली उचलायची आणि नाव-पत्ता तेवढा बदलायचा. मग ‘धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीने’ असं कलम तसंच राहून जातं. महाराष्ट्राच्या धर्मादाय आयुक्तांचा इथल्या संस्थेवर अधिकार नाही. इथे सोसायटी कर्नाटकच्या 1960 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवतात, किमान 7 सभासद लागतात. ट्रस्ट असेल तर डीड सब-रजिस्ट्रारकडे. सोसायटीला वार्षिक सभेनंतर कार्यकारिणीची यादी आणि ऑडिट झालेला ताळेबंद दाखल करावा लागतो. सल्लागाराला पहिला प्रश्न हाच विचारा : तुमच्या जुन्या संस्थांनी मागच्या वर्षीचा ताळेबंद भरला का? पोचपावती दाखवता?

दुसरी कसोटी सीएसआरची, म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्याने समाजकामावर करावा लागणाऱ्या खर्चाची. ‘पहिल्याच वर्षी कंपनीचा निधी आणून देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. कंपनीने स्वतः स्थापन न केलेल्या संस्थेला तशाच कामाचा किमान 3 वर्षांचा अनुभव लागतो. शिवाय आयकराच्या दोन्ही नोंदण्या (संस्थेच्या करमाफीची आणि देणगीदाराच्या करसवलतीची) आणि सीएसआर-1 क्रमांक, म्हणजे असा निधी घेण्यासाठीचा संस्थेचा सरकारी नोंदणी क्रमांक. कायदाही सगळ्या कंपन्यांना लागू नाही. निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) 500 कोटी, यांतलं एक तरी गाठलेलं हवं. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतला लहान फाउंड्रीवाला मदत करील, पण ती साधी देणगी. तिच्यासाठी सीएसआरचा जाडजूड प्रस्ताव तयार करून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

खरं कौशल्य दिसतं ते शेतकरी कंपनीत. 10 उत्पादक आणि 5 संचालक जमले की कंपनी नोंदवता येते, पण 2020 च्या केंद्रीय योजनेसाठी सपाट प्रदेशात 300 सभासद लागतात. त्या योजनेत भाग भांडवलाला जोड म्हणून सभासदामागे 2000 रुपयांपर्यंत, कंपनीला एकूण 15 लाखांपर्यंत अनुदान आहे. ‘जोड’ हा शब्द नीट वाचा. सभासदाने 100 रुपये भरले तर जोडही 100 चीच. 300 जणांचे 30 हजार, त्यावर 30 हजार. एवढ्यात गुळाचा एक हंगामसुद्धा खेळत्या भांडवलावर निघत नाही. चांगला सल्लागार शेअर विकण्याआधी खरेदीचा महिना, मालाची रक्कम आणि पैसे परत यायचे दिवस कागदावर मांडतो. हा कागद ज्याच्याकडे नाही, त्याला कंपनीचं काम देऊ नये.

अथणी-निपाणीकडच्या चप्पल कारागिरांबाबतही असंच. कोल्हापुरी चपलेचं भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंद, जीआय) 2019 चं, महाराष्ट्राच्या 4 आणि कर्नाटकच्या 4 जिल्ह्यांसाठी. बेळगाव त्यात आहे. पण जिल्ह्यात राहिलं म्हणजे झालं असं नाही. कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करायची असते. सल्लागाराच्या कामात ती धरली आहे का, ते विचारून घ्या.

भाषेकडे इथे दुर्लक्ष करून चालणार नाही. अर्ज कन्नडमध्ये, देणगीदाराचा अहवाल इंग्रजीत, आणि बायकांची मासिक सभा मराठीत. 15 जणींनी महिना 200 भरले तर वर्षाला 36 हजार जमतात. त्यातून कुणाला किती कर्ज दिलं, हे गटाच्या वहीत मराठीत नसेल तर एकटी सचिव सोडून कुणाला हिशेब कळत नाही. बँकेकडची गटाची पत तिथेच जाते. म्हणून प्रत्येक ठरावाचं मराठी वाचन आणि सही घेण्याआधी कन्नड कागदाचा अर्थ सांगणं, या दोन गोष्टी करारात लिहून घ्याव्यात.

अनुभव बघताना पदव्यांपेक्षा त्याने स्वतः कधी संस्थेचे पगार भागवलेत का, ते बघा. निधी थकलेल्या महिन्यात काय करायचं, हे तिथेच कळतं.

फी अनुदानाच्या टक्केवारीवर कधीच नको. ती रक्कम मंजूर अंदाजपत्रकात नसते आणि ऑडिटमध्ये संस्थाच अडकते. टप्प्यांत द्या : नियमावली सभेत वाचून मंजूर झाल्यावर, नोंदणी हाती आल्यावर, पहिलं ऑडिट दाखल झाल्यावर, आणि शेवटचा हप्ता गटातल्या दोघींना वही लिहिता आल्यावर. आयकर आणि दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदीचं केंद्र सरकारचं) पोर्टलवर मोबाइल-ईमेल संस्थेचाच टाकायचा, डिजिटल सहीचं टोकन कपाटात अध्यक्षांकडे. सल्लागाराचा नंबर टाकलेला असला की ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि आयकराची 3 वर्षांची तात्पुरती नोंदणी संपल्याचंही संस्थेला वेळेत कळत नाही.