संजय गांधी निराधार अनुदान योजना: तहसीलच्या खिडकीपाशी दिसणारी सेवा

माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील बिघाडामुळे स्नायूंवर ताबा न राहणे) आहे आणि त्याचा ‘निराधारचा पगार’, म्हणजे या राज्य योजनेतून मिळणारे मासिक अनुदान, चालू ठेवण्याचे काम घरात माझ्याकडे आहे. त्यामुळे हे परीक्षण एका तालुक्यातल्या अनुभवावर आधारलेले आहे. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या माणसांपेक्षा योजना ज्या पद्धतीने चालवली जाते तिच्याविषयी मला बोलायचे आहे.

आधी रकमेविषयी. १९८० साली सुरू झालेल्या या योजनेत अनुदान बरीच वर्षे दरमहा ६०० रुपये होते, पुढे ते १००० आणि २०२३ मध्ये १५०० झाले. जून २०२५ मध्ये प्रहार पक्षाचे नेते बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला उपोषण केले, त्यात दिव्यांगांना दरमहा ६००० रुपये मिळावेत अशी मागणी होती. सप्टेंबरमध्ये मंत्रिमंडळाने दिव्यांगांसाठी १००० रुपयांची वाढ मंजूर केली आणि रक्कम २५०० वर गेली. ही वाढ स्वागतार्ह आहे आणि आमच्या घरी ती जाणवते. मात्र याच अनुदानाला जोडून येणारा केंद्राचा वाटा, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन, २०१२ पासून ३०० रुपयांवरच थांबलेला आहे, आणि तोही दारिद्र्यरेषेखालील, किमान ८० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीलाच मिळतो. इतक्या वर्षांत औषधे, डायपर आणि रिक्षाभाडे कुठल्या कुठे गेले. आकडा तसाच ठेवून महागाईला त्याची किंमत खाऊ देणे हीसुद्धा कपातच आहे. फरक इतकाच की तिचा शासन निर्णय निघत नाही, त्यामुळे तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरी कपात कागदांतून होते. अनुदान आता डीबीटीने (थेट लाभ हस्तांतरण) आधारशी जोडलेल्या खात्यात येते आणि ज्यांचे सगळे सुरळीत आहे त्यांच्यासाठी ही पद्धत निःसंशय चांगली आहे, कारण पूर्वीसारखे बँकेत यादी पोहोचण्याची वाट पाहावी लागत नाही. पण त्यासाठी आधारची पडताळणी अंगठ्याच्या ठशाने करावी लागते, आणि माझ्या भावाची बोटे आखडलेली आहेत. अंगठा यंत्राच्या काचेवर सपाट टेकवायचा म्हटले की तणावाने त्याचा हात आणखी वळतो, केंद्रचालक मनगट धरून दाबतो, आणि पडद्यावर पुन्हा ‘जुळत नाही’ असेच येते. डोळ्यांच्या बुबुळांवरून पडताळणी करायची तर मान स्थिर राहत नाही. या काळात त्याचे अनुदान थांबले. त्याचे दिव्यांगत्व होते तसेच होते, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) खिशात होते, तरी नोंदीपुढे ‘त्रुटी’ एवढाच शेरा होता. नेमकी कोणती त्रुटी, हे लेखी कळवण्याची तसदी कोणी घेतली नाही.

निराधार शाखा पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. तिथल्या अव्वल कारकून बाई स्वतः फाइल घेऊन खाली आल्या, पायरीवर बसून त्यांनी भावाशी (माझ्याशी नव्हे, त्याच्याशी) बोलून अर्ज पूर्ण केला, याचे श्रेय त्यांना पूर्णपणे दिले पाहिजे. परंतु त्यांच्या चांगुलपणावर सेवा चालावी ही व्यवस्था नव्हे. सार्वजनिक इमारती दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठी केंद्राचे सुगम्य भारत अभियान २०१५ साली सुरू झाले. सरकारी इमारतींना रॅम्प आणि लिफ्ट मिळण्यासाठी ज्या केंद्रीय योजनेतून पैसा येतो, तिची तरतूद २०२२-२३ मधील सुमारे २४० कोटींवरून पुढच्याच वर्षी १५० कोटींवर आली. दिल्लीतल्या अर्थसंकल्पात कमी झालेला तो आकडा आमच्या तालुक्यात जिन्याच्या रूपाने समोर उभा राहतो.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम २४ नुसार सामाजिक सुरक्षा योजनांतील दिव्यांगांची मदत इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असायला हवी. हा कायदा लागू झाल्यानंतरही राज्यात अनेक वर्षे दिव्यांगांना आणि इतर निराधारांना एकच रक्कम मिळत राहिली. खिडकीवर अर्जदाराला उपकार घेणाऱ्यासारखे वागवले जाते तेव्हा मला हे कलम आठवते, आणि मी ते आता स्पष्टपणे बोलून दाखवते.

रकमेतल्या ताज्या वाढीसाठी आणि कर्मचाऱ्यांच्या वागणुकीसाठी मी चांगले गुण देईन; एकूण सेवेला मात्र पाचपैकी दोनच. ज्यांची पडताळणी अडली आहे त्यांनी बोटांच्या स्थितीचा उल्लेख असलेला वैद्यकीय दाखला जोडून तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्यावा, पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी, आणि त्रुटी लेखी कळवण्याची मागणी त्याच अर्जात करावी. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी घरी येऊन पडताळणी करण्याची विनंतीही त्यातच लिहावी. आमचे अनुदान अशाच अर्जानंतर सुरू झाले; मधल्या महिन्यांची थकबाकी अजून यायची आहे.