सकाळी चालू न होणारा कॉम्प्युटर आणि नवा एसएमपीएस : हळदीचा सीझन नि पावसाळा काढल्यानंतर

जानेवारीत बसवलेल्या एसएमपीएसने, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याने, हळदीचा अख्खा सीझन काढला, वर पावसाळाही काढला. आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. वस्तू साधीच आहे : ४५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), १२० मिलिमीटरचा पंखा, किंमत साडेतीन हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या दर्जाचे एसएमपीएस तीन-चार कंपन्यांचे मिळतात आणि त्यांत डावं-उजवं करण्याइतके मी वापरलेले नाहीत. सकाळी एकदा बटण दाबलं की मशीन चालू होतं. पूर्वी ते होत नव्हतं.

सांगलीत गणपती पेठेत आमचं हळद-मिरचीचं घाऊक दुकान आहे. हिशेब, जीएसटी, ई-वे बिलं मी बघते. कॉम्प्युटर असेंबल केलेला, आय-थ्री प्रोसेसरचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. डिसेंबरची थंडी पडली तसं सकाळी बटण दाबलं की आतला पंखा एक हिसका द्यायचा आणि थांबायचा. परत दाबलं की परत तेच. चार-पाच वेळा दाबल्यावर एकदाचा चालू व्हायचा आणि मग रात्री दुकान बंद होईपर्यंत काही तक्रार नाही. दुपारी बंद करून लगेच लावला तर पहिल्या दाबाला चालू. सासऱ्यांचं, म्हणजे आप्पांचं म्हणणं, "चालतोय न्हवं? मग कशाला खर्च?"

दुरुस्तीवाल्याने येऊन रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढली, खोडरबराने घासली, परत बसवली. तेवढ्या वेळात मशीन थोडं तापलेलंच होतं, त्यामुळे लगेच चालू झालं आणि तो पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मागचे पाढे पंचावन्न. फोन केला तर म्हणाला, "वहिनी, बोर्ड गेलाय. हा बोर्ड आता मिळत न्हाई, नवीन सेटच घ्या." बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात तो. बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं मिळून पंधरा हजारांच्या वरचा आकडा.

गार असताना अडतो आणि तापल्यावर चालतो, ही खूण मला बोर्डापेक्षा एसएमपीएसकडे बोट दाखवणारी वाटली. एसएमपीएसच्या आत इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती स्थिर ठेवणारे छोटे डबे, असतात. वर्षानुवर्षं उष्णतेत राहून त्यांच्यातला द्रव आटत जातो आणि आतला रोध वाढतो. थंडीत तो आणखी वाढतो. चार-पाच वेळा बटण दाबण्यात ते किंचित कोमट होतात, मग गाडी रुळावर येते. सगळ्यात आधी थकतो तो ५ व्होल्टच्या स्टँडबायचा भाग, कारण भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, तो राबत असतो. याच स्टँडबायवर कॅबिनेटच्या बटणाचा हुकूम बोर्डाला कळतो.

पण अंदाजावर साडेतीन हजार घालायचे नव्हते. आधी बटणच खराब आहे का ते बघितलं. समोरच्या बटणाची वायर बोर्डावर ज्या दोन पिनांवर बसते ती काढली आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या. पंख्याचा तोच हिसका, म्हणजे बटण निर्दोष. मग घरातला तीनशे रुपयांचा मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणला, डीसी २० व्होल्टवर लावला. बोर्डावर बसलेल्या २४ पिनांच्या कनेक्टरच्या मागून काळा प्रोब काळ्या वायरीत आणि लाल प्रोब जांभळ्या वायरीत. जांभळी वायर म्हणजे स्टँडबाय. तिच्यावर ५ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. आमच्याकडे सकाळच्या गारठ्यात ४.६ आणि तोही आकडा नाचत होता. बटण दाबलं की आणखी खाली. दुपारी मशीन चालून झाल्यावर तीच वायर ४.९ दाखवायची. बोर्डाला दोष देण्याचा विषय माझ्यापुरता तिथंच संपला.

इंटरनेटवर हिरवी वायर काळीला जोडून एसएमपीएस एकटाच चालू करून बघायची युक्ती सगळे सांगतात. करायला हरकत नाही, पण तिच्यावर निकाल देऊ नका. नुसता पंखा फिरवायला काही जोर लागत नाही. बोर्डाचा भार आल्यावर व्होल्टेज टिकतं का, हा खरा प्रश्न. आमचा जुना एसएमपीएस या परीक्षेत आरामात पास झाला होता. करडी वायरही बघण्यासारखी असते : सगळे व्होल्टेज जागेवर आले की एसएमपीएस अर्ध्या सेकंदाच्या आत तिच्यावर ५ व्होल्ट देऊन बोर्डाला "आता चालू हो" म्हणतो. आमच्याकडे त्या वायरीवर काही यायच्या आतच सगळं बंद पडायचं.

एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. २३० व्होल्टचा एसी आत डीसी होतो तेव्हा तो सव्वातीनशेच्या घरात जातो, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकतो. कपॅसिटर बदलून देणारे कारागीर आहेत, ते त्यांचं काम.

जुना डबा हातात घेतला तर हलका फूल. त्याच्यावरही ४५० वॅटच छापलेलं. वॅटचा मोठा आकडा न बघता लेबलवरचा १२ व्होल्टचा रकाना बघायचा. जुन्यावर १६ अँपिअर होते, म्हणजे १२ गुणिले १६, जेमतेम १९२ वॅट. नव्यावर ३६ अँपिअर, म्हणजे ४३२. आमच्या मशीनला ऑफिसच्या कामात शंभर वॅटसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे वॅट कमी पडले असं नव्हतं. पण जो लेबलवर खोटं लिहितो तो आतले कपॅसिटर तरी कशाला चांगले घालेल?

बसवताना एक गोष्ट सांभाळायची : २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरशिवाय प्रोसेसरजवळ चार पिनांचा वेगळा कनेक्टर असतो. तो राहिला तर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. नव्या एसएमपीएसला तो चार अधिक चार असा जोडून येतो, आमच्या बोर्डाला त्यातला अर्धाच लागला. केबली काढता न येणाऱ्या आहेत. ग्राफिक्स कार्डाच्या नको असलेल्या केबलींचा गुंडाळा लहान कॅबिनेटमध्ये कोंबावा लागला, ही या मॉडेलबद्दलची माझी मुख्य कुरकुर.

पहिल्या दिवशी जांभळ्या वायरीवर ५.०८ आणि १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर १२.१ आले. पावसाळा सरल्यावर परत मोजले, फरक शेवटच्या आकड्यात. पंखा इतका हळू फिरतो की सुरुवातीला मी वाकून बघत असे, चालू आहे ना म्हणून.

हळदीची धूळ ही आमच्या पेठेची खास अडचण. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पोती उलटी-पालटी होत असतात आणि पिवळा थर जिथे जाऊ नये तिथे जातो. आमच्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वर बसतो, आतली हवा ओढून मागे फेकतो, म्हणजे सगळी धूळ त्याच्यातून जाते. कोरडी असते तोवर ब्लोअरने निघते. पावसाळ्यात ओल धरली की पापुद्रा होतो, मग नुसत्या हवेने निघत नाही. म्हणून जून लागायच्या आत सफाई. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरायची, हवेने भरारा फिरू द्यायची नाहीत.

पावसाळ्यातली दुसरी गोष्ट कृष्णा नदीची. २०१९ चा पूर बघितल्यापासून आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकलं की आप्पा आधी वह्या आणि मग कॉम्प्युटर माळ्यावर चढवायला लावतात. यंदाही एकदा चढवला. खाली आणून लावल्यावर स्क्रीन आली नाही आणि घरात सगळे माझ्या नव्या एसएमपीएसकडे बघायला लागले. जांभळी वायर ५.०७. हलवाहलवीत रॅमची पट्टी एका बाजूने उचलली होती, दाबून बसवली आणि झालं.

बोर्डावरचा सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेलही याच फेरीत बदलला. रात्री मेन स्विच बंद करायची आमच्याकडे पद्धत, त्यामुळे रात्री कॉम्प्युटरचं घड्याळ पूर्णपणे त्या सेलवर चालतं. तो संपला की तारीख मागे जाते, ब्राउझर सुरक्षिततेची सूचना दाखवतो आणि जीएसटीचं पोर्टल उघडायला नकार देतो. तीस-चाळीस रुपयांचं काम आहे.

यूपीएसबद्दल मला धाकधूक होती. नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारं सर्किट) आहे आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर लाईटसारखी गुळगुळीत लाट (साइन वेव्ह) देत नाहीत, पायऱ्या-पायऱ्यांची देतात. काही ठिकाणी ही जोडी जमत नाही, लाईट गेली की मशीन बंद पडतं. आमच्या ६०० व्हीएच्या जुन्या यूपीएसवर प्लग काढून बघितलं, जमलं. उन्हाळ्यात लाईट किती वेळा गेली याची गणती नाही, पण अर्धवट बिल एकदाही उडालं नाही. यूपीएसची बॅटरी मात्र आता पाच मिनिटंही धरत नाही. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची नवी आणून ठेवली आहे, या रविवारी बसवते.