जेल एक्स्टेन्शन की पुन्हा वापरता येणारी प्रेस-ऑन नखे?

नखे लांब, सुबक आणि एकसारखी दिसावीत आणि तरीही त्याच हातांनी कणीक भिजवता यावी, दुचाकी चालवता यावी, कार्यालयात दिवसभर संगणकावर काम करता यावे, अशी अपेक्षा असणाऱ्या स्त्रियांपुढे आज नाशिकमध्ये मुख्यतः दोन मार्ग आहेत. कॉलेज रोड किंवा गंगापूर रोड परिसरातील एखाद्या नेल स्टुडिओत जाऊन जेल एक्स्टेन्शन (नखावर जेल चढवून आणि ते खास दिव्याखाली घट्ट करून नख लांबवणे) करून घेणे हा एक, आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी प्रेस-ऑन नखे, म्हणजे वरून चिकटवायची तयार कृत्रिम नखे, घरच्या घरी स्वतः बसवणे हा दुसरा. मी दोन्ही बराच काळ वापरली आहेत आणि आता त्यांपैकी एकावर स्थिरावले आहे. रंग, आकार आणि लांबी यांची निवड दोन्हींत भरपूर आहे, त्यामुळे त्याविषयी लिहीत नाही. रोजच्या वापरात जे जाणवते आणि खरेदीच्या वेळी कोणी सांगत नाही, तेवढेच येथे मांडते.

आधी जेलविषयी, कारण त्याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. कुशल हाताने केलेले जेल एक्स्टेन्शन पहिल्या आठवड्यात इतके नैसर्गिक दिसते की त्याच्याशी बरोबरी करणारे प्रेस-ऑन मी अद्याप पाहिलेले नाही. नखाच्या मुळाशी, क्युटिकलजवळ (नखाच्या मुळावरील त्वचेच्या कडेजवळ), जोड दिसत नाही. बोटाच्या नैसर्गिक वळणाप्रमाणे नख घडवलेले असते. आणि दिव्याखाली ते घट्ट झाले की भांडी घासा, केस धुवा, त्याची चकाकी तशीच राहते. स्वतःला काही करावे लागत नाही, हीदेखील मोठी सोय आहे. मात्र हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत मुळाशी मोकळी पट्टी दिसू लागते आणि ती भरून घेण्यासाठी पुन्हा वेळ घेऊन जावे लागते. हे बहुतेकींना आधीच ठाऊक असते आणि मला त्याची फारशी तक्रार नव्हती.

माझा निर्णय ज्या गोष्टीने फिरवला, ती याहून लहान आहे. दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एखाद्या बोटाचे जेल क्युटिकलच्या बाजूने किंचित उचलले जाते. आपले नख पातळ आणि लवचीक असते, त्यावरचे जेल त्यामानाने ताठ. लांब टोकावर रोज दाब पडत राहिला की तो मुळाशी पोहोचतो आणि तेथील पकड सुटू लागते. डोळ्यांना ते दिसतही नाही, पण केसांना बरोबर सापडते. नाहताना शाम्पू चोळावा, तर त्या फटीत केस अडकतो आणि ओढला जातो. वेणी घालताना अडकतो. झोपेत कूस बदलताना उशीच्या अभ्र्याचा धागा अडकतो. येवल्याची पैठणी नेसताना तर निऱ्या बोटांच्या टोकांनी धरण्याऐवजी तळव्याने सावरण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली, कारण जरीचा एक धागा ओढला गेला तर तो परत बसवता येत नाही. एवढ्याशा फटीमुळे दिवसभर एकाच बोटाकडे लक्ष राहते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

अडचण अशी की ही फट आपल्याला घरी दुरुस्त करता येत नाही. ओढून काढावे तर जेलबरोबर नखाचे पापुद्रेही निघतात आणि खालचे नख कागदासारखे पातळ उरते. तळापासून संपूर्ण नवे नख येण्यास सुमारे सहा महिने लागतात. तसेच राहू द्यावे तर फटीत पाणी साचते आणि अशा ओलसर, बंद जागेत स्यूडोमोनास जातीचे जिवाणू वाढून नखावर हिरवट डाग पडू शकतो. म्हणून पार्लरला फोन करावा, तर सणासुदीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत दोन-दोन दिवस वेळ मिळत नाही. जेल बसवण्याचे काम दुसऱ्याकडे सोपवणे मला मान्य होते; ते काढणेही दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून असणे मात्र मला हळूहळू जड जाऊ लागले.

प्रेस-ऑन नखेही सुटतात, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. किंबहुना ती जेलपेक्षा लवकर सुटतात. फरक एवढाच की एखादे नख हलू लागले तर ते काढायचे, आतून पुसायचे आणि पुन्हा बसवायचे, हे घरी पाच-सात मिनिटांत होते, आणि घाई असेल तर ते डबीत ठेवून तसेच बाहेर पडता येते. केस अडकण्याची वेळ येण्यापूर्वीच उपाय आपल्या हाती असतो. माझ्या दृष्टीने तराजू येथेच झुकला, जरी ज्यांचे केस आखूड आहेत किंवा ज्या क्वचितच साडी नेसतात, त्यांना ही बाब इतकी महत्त्वाची वाटणार नाही, हे मान्य आहे.

प्रेस-ऑन निवडल्यावर खरा प्रश्न उरतो तो चिकटवण्याचा. नेल ग्लू हा सायनोअॅक्रिलेट प्रकारचा असतो आणि त्याची पकड जोरदार असते. माझ्या हातावर अशी नखे आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतात. दोन्ही बाजूंनी चिकट असलेल्या पारदर्शक टॅबची पकड दोन-तीन दिवसांची धरून चालावे, आणि रोज भांडी हाताने घासत असाल तर त्याहूनही कमी. तरीही नखे पुन्हा वापरायची असतील तर माझा कल टॅबकडे आहे. कारण साध्या बाजारी प्रेस-ऑन नखांचे प्लास्टिक अॅसिटोनमध्ये, म्हणजे बऱ्याच नेलपेंट रिमूव्हरमध्ये असणाऱ्या द्रावकात, विरघळते. ग्लू सोडवण्यासाठी अशा रिमूव्हरमध्ये बोटे बुडवली, तर ग्लूबरोबर नखही मऊ होऊन वाया जाते. म्हणून ग्लूची नखे कोमट साबणाच्या पाण्यात हात ठेवून, कडेने खोबरेल तेल सोडून, लाकडी काडीने अगदी सावकाश सोडवावी लागतात आणि नंतर आतला ग्लूचा थर बफरने (नखे घासण्याच्या मऊ ठोकळ्याने) घासून सपाट करावा लागतो. तो थर उंचसखल राहिला की पुढच्या वेळी नख नीट बसत नाही. टॅबचे नख तेल आणि कोमट पाण्याने लवकर सुटते आणि त्याचा आतला भाग जवळजवळ स्वच्छच राहतो. ग्लूविषयी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे: तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर वेगाने घट्ट होताना चटका बसेल इतकी उष्णता निर्माण होते, त्यामुळे सांडलेला ग्लू कापसाने टिपू नये.

दुसरी, आणि खरी कटकटीची, बाब मापाची आहे. एका संचात बहुधा 24 नखे असतात आणि ती दहा-बारा मापांत विभागलेली असतात, पण बोटे कारखान्याच्या मापात घडलेली नसतात. माझ्या दोन्ही अंगठ्यांना एकच माप चालत नाही. दोन मापांच्या मध्ये बोट असेल तर मोठे माप घेऊन त्याच्या दोन्ही कडा फाइलने उतरवाव्यात. लहान माप दाबून बसवले तर ते आपल्या मूळ आकारात परतण्याचा प्रयत्न करत राहते आणि कडेने सुटते. ज्यांची नखे सपाट आहेत त्यांना जास्त वळणाची नखे कधीच नीट बसत नाहीत, आणि तेथे जेल निर्विवादपणे सरस ठरते. उजव्या हाताची नखे डाव्या हाताने बसवणे सरावानेच जमते. बसवण्यापूर्वी हात पाण्यात भिजवू नयेत, कारण नख पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसले की पकड ढिली होते. रात्रीची आवराआवर झाल्यावर, नखे स्पिरिटने पुसून, मुळाकडून टोकाकडे दाबत बसवावीत आणि सकाळपर्यंत पाण्यापासून दूर ठेवावीत, ही रीत मला सर्वांत भरवशाची वाटते.

आपल्याकडच्या सवयी आणि सण यांचाही या निवडीशी संबंध आहे. मिसळीची तर्री आणि हळद यांचा डाग फिकट रंगाच्या जेलवर बसतो तसाच प्रेस-ऑनवरही बसतो. फरक हा की प्रेस-ऑन काढून साबणाने धुता येतात आणि उन्हात ठेवता येतात; हळदीचा पिवळा रंग उन्हाने फिका पडतो. रंगपंचमीला जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात) उतरायचे असेल, तर आदल्या रात्री नखे काढून ठेवली की काळजी उरत नाही. जेलच्या नखांवर आणि त्यांच्या फटीत गेलेला रंग पुढे बरेच दिवस सोबत करतो. मेंदीच्या बाबतीतही असेच आहे. मेंदी काढली की नैसर्गिक नखे केशरी होतात आणि तो रंग नख वाढूनच जातो. आधी मेंदी, ती धुऊन तेलाचा अंश पूर्ण निघाला की मग प्रेस-ऑन, हा क्रम उत्तम जमतो. निलगिरीचे किंवा इतर कोणतेही तेल नखावर राहिले तर टॅब अजिबात धरत नाही, एवढे मात्र पाहावे. थंडीत, निफाडकडून येणारा गारवा जाणवू लागला की, टॅबही कडक होतात. ते चिकटवण्यापूर्वी तळहातात थोडे गरम करून घेतल्यास पकड सुधारते, असा माझा अनुभव आहे.

आरोग्याच्या दृष्टीने कोणताच पर्याय पूर्णपणे निर्धोक म्हणता येणार नाही. जेलमधील अॅक्रिलेट घटक पूर्ण घट्ट होण्यापूर्वी त्वचेला लागले तर काही जणींना कायमची अॅलर्जी जडते, आणि दिव्याखाली जेल घट्ट करण्यास मदत करणाऱ्या टीपीओ या रसायनावर युरोपीय संघाने 1 सप्टेंबर 2025 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. म्हणून स्वस्त दिवा आणि जेल मागवून घरीच एक्स्टेन्शन करण्याचा तिसरा मार्ग मी सुचवणार नाही. जेल करायचेच असेल तर ते प्रशिक्षित हातांकडूनच करून घ्यावे. नेल ग्लूचीही अॅलर्जी काहींना होते, त्यामुळे बोटांभोवती खाज किंवा लाली दिसली तर दोन्ही थांबवावीत. रुग्णालयात रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण बोटाला लावताना गडद रंगाची किंवा कृत्रिम नखे अडथळा आणू शकतात आणि शस्त्रक्रियेपूर्वी ती काढण्यास सांगतात. अशा घाईच्या वेळी घरी काढता येणारे नख असणे मला फार मोलाचे वाटते.

खर्चाबाबत फार लिहिण्याजोगे नाही. एका एक्स्टेन्शनच्या पैशात प्रेस-ऑनचे दोन-तीन बऱ्यापैकी संच येतात, आणि नीट जपले तर एक संच अनेकदा वापरता येतो. हाताने बनवलेली, जेलच्या तयार टिपांवर (नखाच्या आकाराच्या कवचांवर) रंगवलेली नखे महाग असतात, परंतु ती जाड असल्याने वारंवार काढ-घाल सोसतात; अॅसिटोनपासून मात्र त्यांनाही दूरच ठेवावे.

घरात लग्न असेल, सलग सात-आठ दिवस कार्यक्रम असतील आणि हातांकडे पाहायलाही वेळ मिळणार नसेल, तर जेल करून घेणे योग्य ठरेल. नखे कुरतडण्याची सवय असणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होतो. एरवी ज्यांना शनिवार-रविवारी, हळदीकुंकवाला किंवा एखाद्या समारंभापुरती सुंदर नखे हवी आहेत आणि सोमवारी सकाळी बोटांची टोके मोकळी ठेवून भाकरी थापायची आहे, त्यांनी प्रेस-ऑन आधी वापरून पाहावीत, असे माझे मत आहे. पहिला संच आखूड लांबीचा घ्यावा, कारण टोक जितके लांब तितका मुळाशी ताण अधिक. टॅबचे एक जास्तीचे पाकीट सोबत आणावे, आणि एकदा मापे जुळली की प्रत्येक नखाच्या आतल्या बाजूस बोटाचा क्रमांक बारीक लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध करावी लागत नाही.