लोकेश, संघमित्रा की वैदेही? माणसांशी नातं सांगणाऱ्या नावांतून निवडताना

बारशाच्या आधी नावांच्या याद्या चाळणाऱ्यांना एक अनुभव हमखास येतो. लोकेश, जनार्दन, नरेश, गणेश, मानव या सगळ्यांपुढे थोड्याफार फरकाने एकच अर्थ छापलेला असतो: 'लोकांचा राजा' किंवा 'लोकांशी संबंधित'. आपल्या मुलाच्या नावात देव किंवा फूल नको, माणसं असावीत असं वाटणाऱ्या आईवडिलांना या याद्यांचा काडीचा उपयोग होत नाही. कारण नावात 'लोक' किंवा 'जन' आहे एवढ्याने अर्थ ठरत नाही. समासातला दुसरा शब्द काय म्हणतो आणि शब्दाला कुठला प्रत्यय लागलाय, त्यावर तो ठरतो.

त्या कसोटीवर या नावांचे तीन गट पडतात. पहिल्यातली नावं माणसांच्या वर बसतात (लोकेश, नरेंद्र), दुसऱ्यातली माणसांच्या सोबत उभी राहतात (विश्वामित्र, संघमित्रा), आणि तिसऱ्यातली माणसांमधून येतात (वैदेही, मानव). बहुतेक घरांत पहिल्या गटातलं नाव निवडलं जातं आणि अर्थ मात्र दुसऱ्या गटातला अपेक्षित असतो.

माणसांच्या वर

ईश, ईश्वर, इंद्र, नाथ, पती, राज यांतला शब्द शेवटी आला की नाव सत्तेचं झालं. लोकेश, लोकनाथ, नरेश, नरेंद्र, गणेश, गणपत, प्रजापती, विश्वनाथ. यांतल्या 'लोक'चा संस्कृतातला पहिला अर्थ जागा, जग असा आहे, त्रिलोकातला तोच. जगातली माणसं हा अर्थ मागाहून आला. मराठी कानाला मात्र 'लोक' म्हणजे माणसंच, तीही अनेकवचनी, म्हणून लोकेश आपल्याला जगाच्या धन्यापेक्षा लोकांचा पुढारी जास्त वाटतो. हा फायदा मराठीतच मिळतो. 'विश्व'चंही तसंच: वेदात तो 'सगळे, अवघे' या अर्थाने येतो आणि मराठीत 'जग' या अर्थाने.

'गण' म्हणजे समूह, टोळी, जथा. 'गणानां त्वा गणपतिं हवामहे' ही ऋग्वेदातली ऋचा मुळात ब्रह्मणस्पती या वैदिक देवतेची आहे, आज ती आपण गणेशासाठी म्हणतो. गणराज्यातला गणही हाच. म्हणजे ज्यांना खरोखर 'समुदाय' हा शब्दच नावात हवा आहे त्यांच्यासाठी गणेश अर्थाने अगदी नेमका आहे. अडचण इतकीच की तो उच्चारल्यावर सोंड आणि मोदक सोडून दुसरं काही कुणाच्या मनात येत नाही. वर्गात आणखी दोन गणेश असण्याचीही तयारी ठेवावी.

या गटातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत श्रीमंत नाव जनार्दन. जन अधिक अर्दन. 'अर्द्' या धातूचा सरळ अर्थ पीडा देणं. मग लोकांना पीडा देणारा असं नाव देवाला कसं? विष्णुसहस्रनामावरच्या शांकरभाष्यात याची उत्तरं आहेत: एक, 'जन' म्हणजे इथे दुर्जन, त्यांना शासन करणारा, दुसरं, याच धातूचा 'मागणं' हा अर्थ घेऊन, ज्याच्याकडे लोक आपलं कल्याण मागतात तो. दुसरा अर्थ पटला तर या नावात राजा-प्रजेपेक्षा मागणारा आणि देणारा यांचं नातं येतं. मराठीत त्याला अजून एक पदर आहे. एकनाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी, आणि नाथांच्या अभंगाच्या शेवटी येणारी 'एका जनार्दनी' ही जोडमुद्रा. शिवाय 'जनता जनार्दन' हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की नावात लोक आपोआप ऐकू येतात. उणी बाजू: आज हे नाव आजोबांचं वाटतं, आणि हाक मारताना त्याचं 'जना' किंवा 'जनू' होणारच. ते चालणार नसेल तर हे नाव ठेवू नये.

नरेश, नरेंद्र यांवर फार थांबण्यासारखं नाही. नर म्हणजे माणूस, पण मराठीत नर-मादीतला नरही, त्यामुळे 'सगळी माणसं' हा अर्थ त्यातून निघत नाही. पुरुषोत्तमचंही तेच. नरहरी मात्र वेगळा: त्यातला हरी म्हणजे सिंह, म्हणजे हे नरसिंहाचं नाव आहे, आणि पंढरपूरच्या नरहरी सोनारांमुळे ते वारकरी घरांत टिकलं.

माणसांच्या सोबत

इथे नावं कमी, पण अर्थ स्वच्छ. विश्वामित्रची संधी अनेकजण विश्व अधिक अमित्र अशी सोडवतात आणि 'जगाचा शत्रू' म्हणून घाबरतात. ती चूक आहे. शब्द विश्व अधिक मित्र असाच आहे. ऋषीचं नाव असेल तर मधला अ दीर्घ होतो असं पाणिनीचं वेगळं सूत्र आहे, 'मित्रे चर्षौ'. वेदातल्या शब्दांचे अर्थ लावणाऱ्या यास्कानेही त्याचा अर्थ 'सर्वमित्र' असा दिला आहे. तरी आजच्या मुलाला हे नाव जड जातं, कारण ऐकणाऱ्याला मैत्रीच्या आधी मेनका आणि राग आठवतो. अर्थ तोच ठेवून ओझं कमी करायचं तर ऱ्हस्व 'विश्वमित्र' व्याकरणाने चालेल, पण प्रत्येक लिपिक काना देऊन ते 'दुरुस्त' करील हेही लक्षात घ्या.

मुलींसाठी या गटातलं संघमित्रा हे नाव बाकी सगळ्यांपेक्षा सरस वाटतं. संघाची मैत्रीण, किंवा संघ जिचा मित्र आहे ती. दोन्ही विग्रह बसतात. अशोकाची ही मुलगी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात भिक्षुणी म्हणून श्रीलंकेला गेली आणि बोधिवृक्षाची फांदी अनुराधापूरला घेऊन गेली. परंपरेनुसार तिथे आज जे झाड आहे ते त्याच फांदीचं. पालीत तिचं नाव संघमित्ता. महाराष्ट्रात हे नाव मुख्यतः 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर घराघरांत गेलं, आणि संघपाल, संघरत्न ही मुलांची नावंही त्याच ओळीतली. 'संघं शरणं गच्छामि' ज्या घरात रोज म्हटलं जातं तिथे 'संघ'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बाहेर मात्र मराठीत संघ दुधाचाही असतो, क्रिकेटचाही आणि राजकारणाच्या गप्पांतलाही.

लिहिताना या नावाची एकच चूक होते पण ती चिवट आहे: 'घ'चा 'ग'. संगमित्रा. इंग्रजी स्पेलिंगमधला 'जी'नंतरचा 'एच' गळला की देवनागरीत परत आणताना हेच होतं. दुसरा घोळ 'घ' आणि 'मि' यांच्या मधल्या 'ए'चा, तो एका कागदावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो. जन्माच्या नोंदीतच दोन्ही अक्षरं घालून टाकावीत.

आणि या यादीत 'संघर्ष' घेऊ नका. म्हणजे ते नाव हवं असेल तर जरूर ठेवा, चळवळीतल्या घरांत ते आवडीने ठेवतात. पण त्यात संघ नाही. ते सम् अधिक घर्ष, घासणं. तसंच विश्वासमध्ये विश्व नाही (वि अधिक श्वास), प्राजक्तामध्ये प्रजा नाही (ते पारिजातकाचं फूल), आणि जनक हा जन्म देणारा, लोकांचा कुणी नव्हे. मनोज म्हणजे मनात जन्मलेला, कामदेव. माणूस हवा असेल तर मनुज. 'सुजन' अर्थाने फार गोड, पण हिंदी शेजाऱ्याला त्यात सूज ऐकू येईल.

माणसांमधून

तिसरा गट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, कारण ही नावं आपण पौराणिक बायकांची म्हणून ओळखतो. वैदेही, मैथिली, पांचाली, वैदर्भी, कौसल्या, गांधारी, माद्री, कैकेयी यांतलं एकही तिचं स्वतःचं, एकटीचं नाव नाही. ती ज्या लोकांची, त्या लोकांवरून पडलेली ही नावं आहेत. जनपद म्हणजे शब्दशः जनांनी पाय रोवलेली जागा; विदेह, पंचाल, कोसल, मद्र, केकय ही अशी जनपदं. माणसांचं, भूमीचं आणि राजघराण्याचं नाव एकच.

ओळखायची खूण सोपी आहे: पहिल्या अक्षराचा स्वर वाढतो. विदेहची वैदेही, मिथिलेची मैथिली, पंचालची पांचाली, विदर्भाची वैदर्भी, गंधारची गांधारी. याच साच्यात रघूचा राघव, यदूचा यादव, पुरूचा पौरव, भरताची भारती आणि मनूचा मानव. म्हणजे 'मानव' हे नावसुद्धा मूळचं कुळाचंच आहे, कूळ फक्त सगळ्या माणसांचं. मुलासाठी छोटं, जातधर्मापलीकडचं आणि परदेशातही नीट उच्चारलं जाणारं नाव हवं असेल तर या अख्ख्या आढाव्यात त्याच्या जवळपास दुसरं नाही. काहींना ते फार सपाट वाटतं, आणि ती तक्रार खरी आहे.

साचा हाती लागला म्हणून नवीन नावं पाडायला बसू नका. व्याकरणाच्या जुन्या वृत्तीत, म्हणजे सूत्रांवरच्या टीकेत, वैदेही-पांचालीच्या शेजारीच अंग देशाची 'आङ्गी' आणि वंग देशाची 'वाङ्गी' ही उदाहरणं दिलेली आहेत. मराठी घरात एक अंगात घालायची, दुसरी भरून करायची.

मैथिली आणि वैदेही यांत निवडायचं तर फरक बारीक आहे. दोन्ही सीताच. विदेह हा देश (उत्तर बिहार आणि नेपाळचा तराईचा भाग), मिथिला त्याची राजधानी. मैथिली ही आज कोट्यवधींची भाषा आहे, 2003 च्या घटनादुरुस्तीने ती आठव्या अनुसूचीत आली, त्यामुळे उत्तरेत राहणाऱ्या मुलीला 'तुम्ही मैथिल का?' हा प्रश्न येणार. वैदेहीला तो येत नाही, पण मराठीत तिची गल्लत 'विदेही'शी होते. देहभान गळालेला तो विदेही. जनकालाही तसं म्हणतात. वैदेही म्हणजे देहापलीकडची नव्हे, विदेहांची लेक. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी मैथिलीची मेथिली होते आणि मग मेथी दूर नसते. वैदेही तुलनेने शाबूत राहते.

पांचालीवर पाच पतींची सावली पडते. नाव त्यावरून आलेलं नाही, ते पंचालांवरून आहे. अहिच्छत्र आणि कांपिल्य ही त्यांची नगरं आजच्या उत्तर प्रदेशात. पण ही दुरुस्ती मुलीला जन्मभर करत बसावी लागेल. शिवाय मराठीत पांचाळ म्हणजे सुतार-लोहारादी कारागिरांचा समाज आणि एक आडनावही, त्यामुळे ऐकणारा तिकडेही वळू शकतो. कौसल्येचं दुखणं स्पेलिंगचं आहे. कोसलवरून कौसल्या, 'कोशल' असंही लिहितात म्हणून कौशल्याही दिसतं, मात्र मराठीत त्याचा अर्थ थेट 'कौशल्य विकास' योजनेकडे जातो. स असलेलं लिहावं. कैकेयी आणि गांधारी कुणी ठेवत नाही, पण गंधार हे मुलाचं नाव मराठी घरांत चांगलं चालतं. तिथे मात्र लोक नसतात, सप्तकातला 'ग' असतो.

महाराष्ट्रातल्या घरासाठी या गटातलं सर्वांत जवळचं नाव वैदर्भी, आणि ते आश्चर्य वाटावं इतकं दुर्मीळ आहे. रुक्मिणी, दमयंती, लोपामुद्रा या तिघीही विदर्भाच्या लेकी. अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर मानतात आणि तिथून तिची पालखी पंढरपूरला जाते. काव्यशास्त्रात 'वैदर्भी' ही गोड, सरळ शैलीची रीती. म्हणजे लोक, भूमी आणि भाषेचा डौल एका शब्दात. त्याची किंमत रफारात मोजावी लागते: 'र्भ' लहान मुलाला लवकर नीट येत नाही. पुण्या-मुंबईत 'तुम्ही विदर्भातले का?' हेही ऐकावं लागेल. विदर्भातले असाल तर तो प्रश्न उरत नाही.

नाव ठरल्यावर

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदांवरचं नाव स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचं आहे. संघमित्रा किंवा पुरुषोत्तमनंतर दोन लांब नावं आणि आडनाव आलं की अर्जातले चौकोन संपतात. पूर्ण नाव एकदा इंग्रजीत लिहून अक्षरं मोजा. जन्माची नोंद 21 दिवसांत करावी लागते, पण त्या वेळी नाव ठरलेलं असलंच पाहिजे असं नाही: 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क भरता येतं, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क देऊन. घाईने 'संगमित्रा' नोंदवण्यापेक्षा थांबलेलं बरं.

चरणाक्षर, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणावरून ठरणारं नावाचं पहिलं अक्षर, पाहणाऱ्यांसाठी: लोकेश 'लो', भरणीचा चौथा चरण. जनार्दन 'जा', उत्तराषाढेचा तिसरा. संघमित्रा 'सा', शततारकेचा दुसरा. मानव 'मा', मघाचा पहिला, आणि मैथिली 'मे' धरून मघाचाच चौथा. वैदेही आणि वैदर्भी दोन्ही 'वे' धरून मृगाच्या पहिल्यात.

थोरलीचं नाव मैथिली असेल तर धाकटीला वैदेही ठेवू नये, दोघी एकच होतात. मैथिली आणि वैदर्भी मात्र सीता आणि रुक्मिणी. संघमित्रेला भाऊ झाला तर महेंद्र हे नाव तयारच आहे. अशोकाच्या त्या मुलीच्या भावाचंही तेच होतं.