ट्रेनिंग चांगलं, पण अर्धा तास आधीच संपवलं असतं तरी चाललं असतं (३.५/५)

आमच्या अमेरिकेतल्या कंपनीने एका लॉ फर्मकडून हे सेशन घेतलं, फायनान्स, आयटी, मार्केटिंग सगळ्यांनाच बसवलं. विषय अटर्नी-क्लायंट प्रिव्हिलेज, म्हणजे सल्ल्यासाठी वकिलाशी खाजगीत झालेलं बोलणं समोरची पार्टी कोर्टातून मागू शकत नाही, आणि त्यात बाहेरचा कन्सल्टंट किंवा एजन्सी आली की काय होतं. सुरुवातीला १९८१ ची अपजॉन केस, खालच्या लेव्हलचे एम्प्लॉयीही त्यात येतात वगैरे, ते झोपेत ऐकलं तरी चालेल.

खरी मजा एका मेलवर आली. सेशन घेणाऱ्या वकील बाईंनी स्क्रीनवर मेल टाकला, सब्जेक्टमध्ये मोठ्या अक्षरात 'प्रिव्हिलेज्ड', टू मध्ये पीआर एजन्सी, सीसीत बिचारा वकील, आणि मजकुरात प्रेस रिलीज कधी काढायची एवढंच. विचारलं, याला प्रिव्हिलेज मिळेल का? सगळे हो म्हणाले. बाई हसल्या. वकील सीसीत आहे म्हणून काही होत नाही, सल्ला मागितलाच कुठे? मग २००० ची न्यूयॉर्कची कॅल्विन क्लाइनची केस सांगितली, पीआर फर्म वकिलांनीच नेमलेली तरी कोर्टाने संरक्षण दिलं नाही कारण काम नेहमीचंच पीआरचं होतं. मार्केटिंगवाल्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते!

याच्या उलट १९९४ ची बीटर केस. तिथला माणूस एका पार्टनरशिप फर्मसाठी काम करायचा, पगारी नव्हता, स्वतंत्र कन्सल्टंट, पण फर्मच्याच ऑफिसातून काम करायचा, त्यांच्या वतीने बाहेरच्यांशी बोलणी करायचा, वकिलांच्या मीटिंगला बसायचा, म्हणून कोर्ट म्हणालं की हा एम्प्लॉयीसारखाच. पेरोलवर आहे की नाही हे गौण, काम काय करतो ते बघा. मला हे फार पटलं, कारण आमच्याकडे अर्धी टीम काँट्रॅक्टरचीच आहे.

आयटीसाठी कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचा २०२० चा निकाल पण घेतला. हॅकिंगनंतरचा तपास रिपोर्ट फिर्यादींना द्यावा लागला, कारण तपास करणाऱ्या कंपनीशी बँकेचा आधीपासूनच करार होता आणि रिपोर्ट बऱ्याच लोकांना वाटला होता. तो मुद्दा वर्क प्रॉडक्टचा, म्हणजे खटल्याच्या तयारीत बनवलेल्या कागदांचा, प्रिव्हिलेजचा नाही, हे बाईंनी घाईत उडवलं आणि निम्म्या लोकांनी दोन्ही एकच समजून घेतलं असणार.

तक्रार अशी की बीटरचा नियम सगळी कोर्टं एवढ्या सढळ हाताने लावत नाहीत, काही फार कडक आहेत, हे कुणी विचारलं तेव्हा कुठे बाहेर आलं. स्लाईड्स तर वकिलांनी वकिलांसाठी केलेल्या. आणि करारात नक्की काय लिहायचं, कन्सल्टंटला कंपनीने नेमायचं की वकिलाने, यावर दोन मिनिटं पण नाहीत, त्यासाठी म्हणे वेगळं पेड सेशन.

तुमच्याकडे बाहेरची माणसं खूप असतील तर घ्या, नुसती इन-हाऊस टीम असेल तर नका घेऊ.