डिमिंग थर्मोस्टॅट आणि आमचे तात्या: नऊ महिन्यांचा अनुभव

सरडा घरात आला लेकीच्या हट्टामुळे आणि त्याचं नाव तात्या पडलं त्याच्या दाढीमुळे. तो बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला प्राणी. आम्ही राहतो लेस्टरला, जिथे नोव्हेंबरात दुपारी चारलाच दिवे लावावे लागतात. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, सरड्याला कसला दिवा लावतेस? उन्हात ठेव की." ऊन कुठून आणू, इथूनच सगळी सुरुवात झाली.

नोव्हेंबर 2021 मध्ये साधारण 80 पौंडांना डिमिंग थर्मोस्टॅट घेतला, म्हणजे तापमान बघून दिवा कमीजास्त करणारं यंत्र. हे लिहिलं ऑगस्ट 2022 मध्ये, म्हणजे हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही बघून झाल्यावर. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला कळलेल्या बहुतेक गोष्टी या प्रकारच्या कुठल्याही यंत्राला लागू आहेत.

तात्यांची पेटी लाकडी आहे: चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच, पुढे काचेची सरकती दारं. एका टोकाला 100 वॉटचा हॅलोजन दिवा, त्याखाली स्लेटची फरशी, दिसायला आपल्या शहाबादीची चुलत बहीण. दुसरं टोक थंड. मोठ्या ड्रॅगनला ऊन खायच्या जागी फरशी 38 ते 42 अंश सेल्सियस लागते आणि थंड टोकाला 24 ते 28. सरडा आपल्यासारखा अंगातून ऊब तयार करत नाही. तो या टोकाला शेकतो आणि त्या टोकाला जाऊन निवतो. फरशी पुरेशी तापली नाही तर खाल्लेलं पचत नाही. यूव्ही (अतिनील) ट्यूबच्या उजेडात कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याची शेवटची पायरीसुद्धा उबेवरच पार पडते. म्हणून ट्यूब आणि हॅलोजन शेजारी शेजारी लावायचे.

डिमिंगच का? साधा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट दिव्याला लावला तर पेटीत गणपतीच्या मांडवासारखी उघडझाप सुरू होते आणि बल्बही लवकर जातो. डिमिंगवाला दिवा हळूहळू कमीजास्त करतो. त्यावर हॅलोजनच लावायचा. यूव्ही ट्यूब आणि मर्क्युरी व्हेपर बल्ब त्यावर चालत नाहीत.

आता माझा गाढवपणा. पहिल्या दिवशी आकडा 40 वर लावला आणि निर्धास्त झाले. फरशी तपासायला कोव्हिडमध्ये घेतलेली कपाळाची गन वापरली. तिने दाखवले 36.7. मी आकडा आणखी वाढवणार, एवढ्यात नवरा म्हणाला, "अगं, ती फरशीला ताप आलाय का बघतेय." खरंच होतं. कपाळाची गन माणसाच्या अंगाच्या हिशोबाने आकडा काढते, दगडाला तिचा उपयोग नाही. हार्डवेअरच्या दुकानातली इन्फ्रारेड गन आणली तर फरशी 49 निघाली! थर्मोस्टॅट खोटं बोलत नव्हता. त्याचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, मागच्या भिंतीला सावलीत लटकत होता आणि तिथे अगदी 40 अंशच होते.

तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं आहे की थर्मोस्टॅटवरचा आकडा प्रोबचा असतो, सरड्याचा नव्हे. आमच्या पेटीत फरशी 40 ला आणायची तर यंत्रावर 32 लावावे लागतात. तुमच्या पेटीत 30 असतील किंवा 35, ते प्रोब कुठे आहे त्यावर ठरेल. आकडा बदलला की तासभर थांबायचं, कारण दगड सावकाश तापतो, आणि मग गन धरायची. तीही जवळून, कारण लांबून धरली की ती मोठ्या पट्ट्याची सरासरी दाखवते. चकचकीत वस्तूवर तर तिचा भरवसाच नाही. पेटीबरोबर फुकट आलेला गोल काट्याचा थर्मामीटर आम्ही फेकून दिला, तो चिकटवलेल्या भिंतीचं तापमान सांगत होता.

फेब्रुवारीत गडबड झाली. प्रोब भिंतीला धरून ठेवणारी रबरी चकती उबेने सैल पडली आणि प्रोब गळून थंड टोकाला गेला. यंत्राला वाटलं पेटी गारठली, त्याने दिवा पूर्ण सोडला. लेक शाळेतून आली तेव्हा तात्या थंड कोपऱ्यात तोंड उघडून बसले होते आणि फरशी 57 वर होती. पळायला जागा होती म्हणून वाचले. छोट्या पेटीत भाजून निघाले असते. तोंड उघडलं म्हणजे लगेच घाबरायचं असं नाही, ऊन खाताना ते कधीकधी जबडा उघडून बसतातच. पण दिव्यापासून लांब जाऊनही तोंड मिटत नसेल तर तडक गन उचलायची. कंपनीला ईमेल केला, त्यांनी दुसरी तशीच रबरी चकती पाठवली. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि प्रोबची वायर दोन ठिकाणी स्क्रूच्या क्लिपने भिंतीला पक्की केली. ज्या यंत्राच्या भरवशावर जीव आहे त्याचा प्रोब अशा चकतीवर टांगायचा, हे मला अजून पटत नाही. यंत्राला पाचपैकी चार देते, एक गुण त्या चकतीपायी कापला.

मेमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी कुणी सांगितली नव्हती. फरशी 41 दाखवत होती, पण तात्या फार वेळ टिकत नव्हते. सहज गन त्यांच्या पाठीवर धरली, तर 46! हिवाळ्यात ते लहान होते. आता त्यांची पाठ फरशीपासून चांगली पाच सेंटीमीटर वर आली होती, म्हणजे दिव्याच्या तेवढी जवळ. फरशी उंच करायला खाली ठेवलेली वीट काढली, पाठ 41 वर आली आणि तात्या पुन्हा सकाळभर पसरू लागले. आता मी फरशी कमी आणि पाठ जास्त मोजते. रंगावरूनही अंदाज येतो. गार असले की ते ऊब शोषायला काळपट पडतात, शेकून झाले की पिवळसर.

पुण्याहून नणंदेच्या मुलाने विचारलं, "मामी, इथे सांडा मिळेल का पाळायला?" सांडा म्हणजे आपल्याकडचा काटेरी शेपटीचा सरडा. त्याला स्पष्ट सांगितलं, सांड्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तो पाळणं हा गुन्हा आहे. ज्यांना तो पाळावासा वाटतोय त्यांनीही हे लक्षात घ्यावं.

आणि मग जुलै. 19 जुलैला लिंकनशरमधल्या कनिंग्सबीला 40.3 अंश नोंदले गेले, ब्रिटनमधला आजवरचा उच्चांक. आमच्या खोलीत 33. थर्मोस्टॅट दिवा मंद करू शकतो, पेटी गार करू शकत नाही, हे त्या दिवशी नीट कळलं. थंड टोकच 34 झालं होतं. हॅलोजन दोन दिवस बंद, सकाळी थोडा वेळ फक्त ट्यूब, आणि दारं फटीएवढी उघडी.

उन्हाळ्याने बल्बचाही धडा दिला. खोली गरम असताना 100 वॉटचा बल्ब दिवसभर अर्ध्यावर जळायचा, नारिंगी आणि मरगळलेला, वर बारीक गुणगुणायचा. ड्रॅगनला ऊब हवी तसा लख्ख उजेडही हवा. 60 वॉटचा लावला, तो जवळजवळ पूर्ण पेटतो आणि यंत्र फक्त वरचा थोडासा जोर छाटतं. विजेचा हिशोबही सांगते. 100 वॉट पूर्ण दहा तास म्हणजे एक युनिट, आणि एप्रिल 2022 मध्ये युनिट 28 पेन्सांच्या घरात गेलं होतं.

रात्री दिवा बंदच असतो. खोली 18 च्या खाली उतरणार असेल तेवढ्याच रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर, वेगळ्या थर्मोस्टॅटवर. तात्यांना अंधारात गारवा चालतो. आता सप्टेंबर आला की पुन्हा 100 चा बल्ब चढेल, वीट कुठे ठेवली होती ते शोधावं लागेल, आणि दोन दिवस गन हातात घेऊन पेटीपुढे मांडी घालून बसावं लागेल.