बनीठणी लावायची की कांगड्याची अभिसारिका?

घरात एकच मिनिएचर (जुन्या राजदरबारी शैलीतलं लघुचित्र) लावायचंय आणि नायिकाच हवीय म्हटलं की गाडी फिरून फिरून या दोघींवर येते. मी दोन्ही घेतल्यात, आणि एक चुकीच्या भिंतीवर ठोकून मग खिळा काढलाय, म्हणून सांगतो.

बनीठणी राजस्थानातल्या किशनगढची, साधारण १७५० ची, निहालचंदने काढलेली असं मानतात. राजा सावंतसिंग नागरीदास नावाने कृष्णाची पदं लिहायचा, त्याच्याकडे गाणारी ही, चित्रात राधा होऊन बसलीय. नाव तसंच रूप, नटूनथटून. गोष्ट काही घडतच नाही चित्रात, नुसता चेहरा, डोळा पार कानशिलाकडे ओढलेला, टोकदार हनुवटी, गालावर एक वळलेली बट, बोटांत कमळं. पण दारातून बघा नाहीतर सोफ्यावरून, लगेच ओळखू येते. (भारताची मोनालिसा म्हणतात ते मात्र डोक्यात जातं, हिला ओळखायला तिकडचं नाव कशाला?) मूळ चित्रच जवळपास दीड फूट उंच, त्यामुळे मोठी फ्रेम शोभते.

अभिसारिकेचं उलट. संसारचंद राजाच्या काळात हिमाचलातल्या कांगड्याला नायिकांची चित्रं भरपूर निघाली, आठ प्रकारच्या नायिका, त्यातली ही रात्री पावसापाण्यात एकटी प्रियकराला भेटायला निघालेली. वीज चमकतेय, पायाशी साप, कुठे कुठे तर चेटकिणीपण, आणि बाई मान वळवून बघतेय कशाकडे, तर गळून पडलेल्या पैंजणाकडे! सापाचं काहीच नाही. हे सगळं वहीच्या पानाएवढ्या जागेत, म्हणजे हातभर अंतरावरूनच दिसणार. मी ती टीव्हीच्या वर लावली होती, आत्याने विचारलं हा काळा चौकोन कसला.

आणि प्रिंट घेताना हिच्यात फसायला होतं, ऑनलाइन मागवलेल्या माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये रात्र नुसती डांबर झाली होती, साप गायब. बनीठणीची प्रिंट स्वस्तातली असली तरी चेहरा टिकतो, फक्त झिरझिरीत ओढणीची वाट लागते.

जम्मूकडच्या बसोलीची नायिकाही सुंदर, पण तिच्या दागिन्यांत पाचूच्या जागी भुंग्याच्या पंखाचे चकचकीत तुकडे चिकटवलेले असतात, ती चमक प्रिंटमध्ये कुठून आणणार, ती म्युझियममध्येच बघा.

तर हॉलला बनीठणी. माझं मन विचाराल तर अभिसारिका, पण टेबलाशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर. माझी आता तिथेच आहे, आणि आत्या आली की आधी पैंजण सापडतंय का बघते.